सोय आहे का तिथे?

मंडळी, गेले दोन विकांत लिहायला बसलो नाही, कारण दोन्ही टेंपोत गेले. एक सामान चढवण्यात, एक उतरवण्यात. वाकडच्या दोन खोल्यांत (बिल्डर टू बीएचके म्हणतो म्हणून खोल्या काही वाढत नाहीत) एवढं सामान मावलं कसं होतं हे मला अजून कळलेलं नाही. तर, आम्ही पुणं सोडलं. नेवाशाला आलो. बायकोला सहावा महिना संपत आलाय आणि नेवासं हे तिचं माहेर आहे. मी तिला पोचवायला आलेलो नाही, राहायला आलोय. टेबल-खुर्ची, दोन मॉनिटर आणि इन्व्हर्टरसकट.

ही बातमी फुटल्यापासून फोन तापलेला आहे. हिंजवडीतला एक जुना मित्र, ज्याच्या शेजारी मी सहा वर्षं बसलो, तो पहिल्या मिनिटाला म्हणाला, "डोकं फिरलंय का? तिथे एनआयसीयू तरी आहे का? काही झालं तर?" काही झालं तर! आमच्या पिढीचा हा तारकमंत्र आहे. याच्यावरच आमचे विमे विकले जातात, आमच्या गाड्या विकल्या जातात, आणि आमच्या बायकांची ऑपरेशनंही होतात. (त्याबद्दल पुढे.)

दुसऱ्या टोकाला "लकी आहेस यार" वाले. शुद्ध हवा, घरचं दूध, गावरान अंडी, बाळाला कसं मातीत खेळायला मिळेल. हे लोक गावाला शेवटचे गेले ते हुरडा पार्टीला, तेही रिसॉर्टवर. त्यांना सांगायला हवं की ऊस पेटवून तोडतात तेव्हा काळी कात्रण उडत येऊन वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, आणि शुद्ध हवेची व्याख्या नोव्हेंबर ते मार्च जरा सैल करावी लागते.

पण मला खरा राग आला तो तिसऱ्या प्रश्नाचा, आणि तो विचारला आमच्या साहेबांनी. माणूस वाईट नाही. अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाला, "ती जातेय ते ठीक आहे रे. ते सगळ्यांच्यातच असतं. पण तू का जातोयस?"

आजचा लेख या प्रश्नावर आहे. ज्यांना पहिलटकरणीचा सल्ला किंवा गावाकडच्या गमतीजमती वाचायच्या होत्या त्यांनी हा विकांत सोडून द्यावा.

आधी रीत समजून घेऊ. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटीभरण झालं की पोरगी माहेरी जाते, आणि बाळ तीन महिन्यांचं झालं की परत येते. मी या रीतीला नावं ठेवणार नाहीये. ज्या काळात सोळा-सतरा वर्षांची सून पहाटे चारला उठून दळायला बसायची, त्या काळात तिला कायदेशीर म्हणावी अशी एकच विश्रांती होती, ती म्हणजे माहेर. सासरी पोटुशी बाई झोपली तर आळशी, माहेरी झोपली तर लाडाची. आपल्या सरकारने १२ आठवड्यांची बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची करायला २०१७ साल उजाडलं. आमच्या आज्या-पणज्यांनी साधारण तेवढीच रजा कुठल्याही कायद्याशिवाय काढून घेतली होती. हुशार बायका!

पण या व्यवस्थेत बापाचं काम काय? एस.टी. स्टँडवर सोडणे. मग तार, मग फोन, मग व्हॉट्सॲप. मग बारशाला येणे, येताना पेढे आणणे. मुलगी असेल तर बर्फी. (पेढे आणि बर्फीतला हा फरक किती निरागस वाटतो ना? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या आणि या आमच्या नगर जिल्ह्यात ८५२. बर्फी कमी खपली, दुसरं काय.)

माझा जन्म संगमनेरचा, आईच्या माहेरचा. वडील तेव्हा भोसरीला एका कारखान्यात होते. ते मला पहिल्यांदा बघायला आले बाराव्या दिवशी, आणि ही गोष्ट ते आजही तक्रार म्हणून सांगत नाहीत, अभिमानाने सांगतात. बारा दिवसांत एक खाडा नाही! माझं मूल मला बारा दिवसांनी दिसलं तर मी ते कुणाला अभिमानाने सांगू शकणार नाही. एवढाच आमच्या दोघांतला फरक आहे. मी काही त्यांच्यापेक्षा थोर नाही. माझं काम तारेवरून होतं, त्यांचं लेथवर व्हायचं.

आणि हाच तर मुद्दा आहे. माझं काम कुठूनही होतं हे २०२० साली अख्ख्या आयटीने करून दाखवलं. दीड-दोन वर्षं कुणी हापिसात पाय ठेवला नाही, आणि एकही सर्व्हर त्या दुःखाने बंद पडला नाही. आता तेच लोक आठवड्यातून तीन दिवस कार्ड पंच करायला सांगतात. बरं, बापाची रजा म्हणाल तर केंद्र सरकारच्या नोकराला १५ दिवस मिळतात. खाजगी नोकरीत कायद्याने शून्य. कंपनीच्या मर्जीवर. आमच्याकडे पाच दिवस. पाच दिवसांत आमच्याकडे लॅपटॉपचा पासवर्डसुद्धा बदलून मिळत नाही हो! मी सहा महिने घरून काम मागितलं. मिळालं, पण टीमचं नेतृत्व दुसऱ्याकडे गेलं आणि "यंदाच्या मूल्यमापनात हे दिसेल" असं सांगण्यात आलं. दिसू दे.

इकडे आल्यावर वेगळी मजा. मेव्हण्याचे मित्र पहिल्याच दिवशी चौकात भेटले. "काय दाजी, कंपनीनं काढलं का काय?" दुसरा म्हणाला, "न्हाय रं, घरजावई व्हायला आल्यात." सगळे हसले, मीही हसलो. नेवासं हे म्हाळसेचंही माहेर. इथल्या तिमशेट वाण्याची ती लेक, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. आणि खंडोबा काही सासुरवाडीला राहायला आला नाही, तो तिला घेऊन जेजुरीला गेला. तेव्हा देवाने जे केलं नाही ते मी करतोय म्हटल्यावर गावाने हसायचं नाही तर काय? सासूबाई मात्र पहिले आठ दिवस फार अवघडल्या होत्या. जावयाने घरात तीन दिवस राहावं, खाऊन-पिऊन जावं. हा तर सकाळी स्वतःचा चहा करून घेतो! आठव्या दिवशी त्यांनी मला म्हशीच्या धारेची बादली धरायला दिली तेव्हा मी समजलो, की आपण पाहुणे राहिलो नाही.

आता "सोय" या शब्दाकडे येतो.

पुण्यातल्या मित्राचं म्हणणं मी थट्टेवारी नेणार नाहीये, कारण बायकोचा रक्तगट बी निगेटिव्ह आहे. माझा ओ पॉझिटिव्ह. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, आणि बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळलं, तर आईचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. पहिल्या बाळाला बहुधा धोका नसतो, पुढच्याला असतो. त्यावर उपाय म्हणजे अँटी-डी नावाचं इंजेक्शन. अठ्ठाविसाव्या आठवड्यात एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत एक. ते फ्रिजमध्ये, दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. आणि ते देण्याआधी आईच्या रक्तात प्रतिपिंडं आधीच झालेली नाहीत ना, हे बघायला कूम्ब्स टेस्ट करतात. आपल्याकडे शंभरात जेमतेम पाचेक लोक निगेटिव्ह, म्हणजे ऐनवेळी रक्त लागलं तर तेही दुर्मिळ.

एवढं सगळं मला आज पाठ आहे. पुण्यात पाच महिने दर भेटीला हजार-बाराशे मोजूनही यातलं काही मला माहीत नव्हतं. निघताना मी तिथल्या रुग्णालयात म्हटलं, आम्ही गाव बदलतोय, आतापर्यंत काय झालं याचा एका पानाचा गोषवारा द्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, समरी ॲडमिट झालेल्या पेशंटलाच मिळते." बरं, कूम्ब्स टेस्ट झाली का? "सिस्टीममध्ये असेल सर." सिस्टीम! मी स्वतः सिस्टीम बनवून पोट भरतो, त्यामुळे "सिस्टीममध्ये असेल" याचा अर्थ मला चांगला कळतो. याचा अर्थ कुणालाच माहीत नाही. फाईल मिळाली. तिच्यात पावत्या सगळ्या होत्या. एकही हरवलेली नव्हती. रिपोर्ट मात्र निम्मे.

(नंतर शोधल्यावर कळलं, की डॉक्टरांच्या २००२ सालच्या आचारनियमांनुसार रुग्णाने कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यावी लागतात. तेव्हा माहीत असतं तर काउंटरवर भांडलो असतो. तुम्हाला आता माहीत आहे, तुम्ही भांडा.)

नेवाशातल्या डॉक्टरबाई. खोली लहान, पंखा कुरकुरतो, बाहेर बाकावर गर्दी. फाईल चाळली आणि म्हणाल्या, "पावत्या नकोत ताई. काय-काय दिलंय ते सांगा." रक्तगट ऐकल्यावर मान वर न करता पहिला प्रश्न, "मिस्टरांचा गट?" मी बाहेर उभा होतो, आत बोलावलं. मग कूम्ब्स टेस्ट पुन्हा केली, अँटी-डी नगरहून बर्फाच्या डब्यात मागवलं, आणि आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "निगेटिव्ह रक्त ऐनवेळी इथे मिळणार नाही असं धरून चाला. डिलिव्हरी इथे करायची का नगरला, हे बत्तिसाव्या आठवड्यात ठरवा. कळा सुरू झाल्यावर ठरवायचं नसतं."

आयटीतल्या मंडळींनी हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं. १९९४ साली थॅडियस आणि मेन या दोघींनी एक निबंध लिहिला. बाळंतपणात बायका का मरतात याची त्यांनी तीन विलंबांत मांडणी केली. निर्णय घ्यायला झालेला उशीर, पोचायला झालेला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला झालेला उशीर. आपण ज्याला सोय म्हणतो ती फक्त तिसऱ्या विलंबाबद्दल असते. इमारत, यंत्रं, एनआयसीयू. पहिले दोन कुणाच्या जाहिरातीत नसतात.

दुसऱ्याचंच बघा. नेवाशाहून नगर साठेक किलोमीटर, संभाजीनगरही तेवढंच. मी आल्यापासून नगरला चार वेळा गेलो आणि चारही वेळा घड्याळ लावलं. (सवय हो.) सगळ्यात कमी सव्वा तास. सगळ्यात जास्त दोन तास दहा मिनिटं, कारण पांढरीच्या पुलाजवळ उसाची डबल ट्रॉली आडवी झाली होती. हा आकडा भीतीदायक आहे आणि मी तो लपवणार नाही. पण वाकडला असताना शुक्रवारी संध्याकाळी रक्तस्रावाच्या शंकेने आम्ही रुग्णालयात निघालो होतो तेव्हा नऊ किलोमीटरला एक तास दहा मिनिटं लागली होती. तोही आकडा आहे. त्या दिवशी मला कुणी विचारलं नाही की वाकडला राहणं वेडेपणा आहे का.

आणि तिसऱ्या विलंबाची शहरी बाजू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या खाजगी रुग्णालयांत शंभरातली ४७ बाळंतपणं सिझेरियनने झालेली आहेत. सरकारी दवाखान्यांत १४. दोन्ही आकड्यांत काहीतरी चुकतंय. सरकारीत जिथे करायला हवं होतं तिथे कदाचित झालं नाही, आणि खाजगीत... असो. "काही झालं तर" या मंत्राची फी किती असते ते बिलावर बघून घ्यावं.

मला कुणी उलटं समजू नये. नेवाशात सगळं छान आहे असं मी म्हणत नाहीये. आम्ही बत्तिसाव्या आठवड्याची वाट न बघता ठरवून टाकलंय, की छत्तिसावा लागला की नगरला मावससासूबाईंकडे मुक्काम हलवायचा. तिथे रक्तपेढी जवळ आहे. म्हणजे नऊ महिन्यांत तिसरं घर. पण हे ठरवणं जमतंय, कारण ठरवणारे दोघंही एका जागी आहोत. मी पुण्यात असतो तर हे ठरलं असतं शनिवारी रात्री, फोनवर, रेंज येत-जात असताना. आणि तेव्हा मी "तुम्हाला योग्य वाटेल ते करा" असं म्हणालो असतो. हे वाक्य आयटीतल्या किती नवऱ्यांनी सासऱ्यांना म्हटलंय याची पाहणी कुणीतरी करायला हवी.

माझं साधं म्हणणं आहे. या महाराष्ट्रात कितीतरी पहिलटकरणी सातव्या महिन्यात घर बदलतात. आजपासून नाही, शेकडो वर्षांपासून. डॉक्टर बदलतो, गाव बदलतं, कधी जिल्हा बदलतो. म्हणजे ऐन भरात प्रकल्प दुसऱ्या टीमच्या हातात देणं! आमच्याकडे साधी बँकेची प्रणाली एका टीमकडून दुसऱ्या टीमकडे द्यायची तर सहा आठवडे कागदपत्रं, बैठका, सह्या. इथे दोन जिवांचा व्यवहार, आणि हातात पावत्यांची फाईल. रीत इतकी जुनी, तरी व्यवस्था असं धरून चालते की बाई एकाच जागी बसून राहणार. नाव नोंदवलं तिथेच तपासणी, तिथेच योजना, तिथेच बाळंतपण. २०२१ पासून १४ अंकी आभा क्रमांक आलाय, देशात कुठेही जा, तुमची आरोग्याची नोंद सोबत येणार म्हणे. माझ्याकडे आहे. बायकोकडे आहे. दोन्ही उघडून बघितले, दोन्ही रिकामे. पाच महिन्यांत त्यात कुणी एक ओळ भरली नव्हती.

या सगळ्यात बरी रचना कुणाची असेल तर सरकारी मातृ-बाल संरक्षण कार्डाची. जाड कागदाचं, घडीचं, बाईच्याच हातात राहणारं. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट, सगळं एका ठिकाणी. पुण्यात आम्हाला ते कुणी दिलंच नाही, इथे आशाताईंनी घरी येऊन दिलं. बाळ घरी आल्यावर त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येणार, हेही सांगून गेल्या. या घरभेटींमागे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी केलेलं काम आहे, जे १९९९ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं. गावातली बाई शिकवली तर नवजात बाळं वाचतात, हे त्यांनी दाखवून दिलं. त्याआधी १९७० पासून आमच्याच नगर जिल्ह्यात, जामखेडला, रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी अक्षरओळख नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका बनवलं होतं. १९७९ साली त्यांना मॅगसेसे मिळालं. अख्ख्या जगातून लोक ते बघायला जामखेडला येतात. वाकडच्या आमच्या सोसायटीत आशाताई आल्या असत्या तर वॉचमनने त्यांना गेटवर नोंद करायला लावून परत पाठवलं असतं. तेव्हा गावात काहीच नसतं, असं म्हणताना जरा जपून.

(जाता-जाता. १९५४ ते ५६ साली सांकलियांनी डेक्कन कॉलेजतर्फे इथे उत्खनन केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं सापडली. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत बाळ. एकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. गावाबाहेर नाही, घरातच, पायाखाली ठेवलेली बाळं. मी हे जेवताना सांगायला लागलो तर सासरे म्हणाले, "जावईबापू, असलं आत्ता बोलू नये." बरोबर होतं त्यांचं.)

आता जे लिहिणार आहे ते लिहायचं नव्हतं, पण वरचं सगळं लिहून झाल्यावर ते टाळणं लबाडी होईल.

आमच्या घरामागे कालवा आहे, आणि कालव्यापलीकडे मोकळ्या रानात दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी उतरली होती. पंधरा-वीस कोप्या. बीडकडची माणसं. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशोबात दोन माणसांचं नाव एक अवजार! उचल आधीच घेतलेली, टनावर फेडायची. पहाटे तीनला ट्रॅक्टरचे दिवे दिसतात तेव्हा मी अमेरिकेशी चाललेला कॉल संपवून झोपायला जात असतो.

बायको संध्याकाळी कालव्याच्या कडेने फिरते. डॉक्टरबाईंनी सांगितलंय. तिथे तिला एक भेटली. मोळी डोक्यावर, पोट दिसणारं. दोन पोटुश्या बायका भेटल्यावर बोलायला वेळ लागत नाही. ही म्हणाली, "कितवा गं?" ती म्हणाली, "सातवा." हिच्यापेक्षा पंधरा दिवस पुढे. शिरूर कासारकडची. तपासणी केली का, तर गावाकडे केली होती. कार्ड?

"हाय ना. तिकडं घरी पेटीत ठिवलंय. हितं हरवलं म्हंजी?"

इथल्या दवाखान्यात का जात नाहीस, तर हसली. "दवाखान्यात गेलं की दिवस मोडतो. दिवस मोडला की खाडा."

माझे वडील ज्या शब्दाचा अभिमान बाळगतात तोच शब्द. तिच्याकडे खाडा म्हणजे गैरहजेरीचा दंड, जो उचलीच्या हिशोबात चढतो.

ही एकटी नाही. २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कारण साधं. पाळीत काम बुडतं. २०२५ साली बीडच्याच आरोग्य विभागाचे आकडे बातम्यांत आले, त्यात १,५२३ गरोदर बायका फडात काम करत होत्या. पोटात बाळ घेऊन गाव सोडणारे आम्ही पहिले नाही हो. या तालुक्यात दर हंगामात पोटुश्या बायका येतात, ट्रॉलीत बसून, आणि त्यांना कुणीही फोन करून विचारत नाही की अगं, सोय आहे का तिथे?

आणि विदा नाही, असं कृपा करून कुणी म्हणू नये. आमच्या सासऱ्यांचा ऊस तुटला त्या दिवशी काट्यावर वजन होताच त्यांच्या मोबाईलवर निरोप आला. कुठल्या गटातला ऊस, कुठलं वाहन, कुठली टोळी, किती टन, किती किलो. किलोपर्यंत! साखर कारखान्यांना प्रत्येक टोळीने किती तोडलं हे माहीत असतं. त्याच नोंदीत "यातल्या किती जणी गरोदर" हा एक रकाना वाढवायला किती दिवस लागतील? मी हे पोटासाठी करतो म्हणून सांगतो, एक विकांत. मग ती यादी जवळच्या आरोग्य केंद्राला गेली की आशाताई कोपीवर जातील, जशा आमच्या घरी आल्या. तपासणीच्या दिवसाचा खाडा पडणार नाही एवढं मुकादमाकडून लिहून घेतलं की झालं. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, २०१६ पासून. दिवस ठरलेला आहे, डॉक्टर ठरलेले आहेत. यादी तेवढी नाही. यादी न करण्यात कुणाचा फायदा आहे ते सुज्ञांस सांगणे न लगे.

मी बायकोला म्हटलं, आपण तिचा एक दिवसाचा खाडा भरू, नऊ तारखेला तू जाशील तेव्हा तिलाही ने. बायको जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. "भरू की. पण तुझ्या कंपनीने तुला सहा महिने दिले तेव्हा तू उपकार मानलेस का? नाही ना, हक्काने भांडलास. मग तिला उपकार कशाला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. तरी तिने मेव्हण्याला मुकादमाशी बोलायला सांगितलं. मुकादम हो म्हणाला.

नऊ तारखेला सकाळी आम्ही कालव्यावर गेलो तर रान मोकळं. चुलींचे दगड आणि थोडं पाचट. इथला फड संपला होता, टोळी रात्रीच हलली. मेव्हण्याने फोन लावला तर मुकादम म्हणाला, भेंड्याच्या पलीकडं गेलोत, नक्की कुठं ते सांगतो. अजून सांगितलेलं नाही. बायकोला अँटी-डी परवा दिलं, हात थोडा दुखतोय, बाकी ठीक आहे. काल रात्री झोपताना ती म्हणाली, "तिचा रक्तगट विचारायचा राहिला रे."